काटकसर कुठे संपते आणि दुसऱ्याच्या खिशात हात कुठून जातो?

पैपैसा

शहरात पैसे वाचवायच्या युक्त्या हव्या तेवढ्या मिळतात. त्यातली कुठली करू नये, हे मात्र फारसं कुणी लिहीत नाही. म्हणून हा धागा.

चर्चेसाठी पाच उदाहरणं देते. नळ रात्रभर थेंबथेंब सोडून ठेवायचा, म्हणजे बादली भरते पण मीटर फिरत नाही. भिंतीत चार भोकं पाडण्यापुरतं ड्रिल मशीन विकत घ्यायचं आणि परतीच्या मुदतीत देऊन टाकायचं. दुकानात बूट घालून बघायचे, मापाची खात्री करून घ्यायची आणि घरी येऊन ऑनलाइन मागवायचे. कॅफेत एक पेय घेऊन तीन तास बसायचं, लॅपटॉप आणि मोबाइल तिथेच चार्ज करायचे. इमारतीच्या जिन्यातल्या सॉकेटवर स्कूटर लावायची.

हे करणारे सगळेच स्वतःला काटकसरी म्हणवतात. माझं मत असं की वाचलेला पैसा आला कुठून, हे आधी बघावं. गळका नळ दुरुस्त केला तर जे पाणी गटारात जाणार होतं त्यातून पैसा वाचला, कुणाचं काही गेलं नाही. जिन्यातली वीज वापरली तर तो शेजाऱ्यांच्या बिलातून आला. पहिली काटकसर, दुसरी नव्हे. हे सूत्र सगळीकडे लागू पडतं का? जाणकारांनी तपशिलात लिहावं.

मीटरवाचक

नळापासून सुरुवात करतो, कारण या युक्तीबद्दल गैरसमज फार.

घरगुती १५ मिलिमीटरचा, क्लास बी (अचूकतेचा एक दर्जा) यांत्रिक मीटर घ्या. त्याचा ठरलेला नेहमीचा प्रवाह ताशी १५०० लिटर आणि किमान प्रवाह ताशी ३० लिटर. या किमान प्रवाहाच्या खाली मीटर अचूक मोजेल याची हमी नसते. आतलं पंख्याचं चाक हलायलाच थोडा जोर लागतो, तेवढा जोर नसला की पाणी पात्यांच्या कडेने निघून जातं. युक्ती उभी आहे ती एवढ्यावर.

आता हाती काय लागतं ते बघा. साधारण २० थेंबांचा १ मिलिलिटर होतो. सेकंदाला एक थेंब धरला तर तासाला १८० मिलिलिटर, आठ तासांत दीड लिटरही नाही. २० लिटरची बादली आठ तासांत भरायची तर मिनिटाला ४० मिलिलिटरच्या वर पाणी हवं, म्हणजे थेंब राहिले नाहीत, दोऱ्याएवढी धार झाली. सगळी लबाडी एका बादलीसाठी.

आणि त्यापायी नळ जातो. अर्धवट आवळलेल्या नळात रबरी वायसर एका बाजूने दाबला जातो, पाणी उरलेल्या फटीतून जोरात निसटतं आणि पितळी बैठकीवर चर पडते. एकदा चर पडली की नवा वायसर घालूनही नळ पूर्ण बंद होत नाही. मग बैठक घासून घ्या नाहीतर नळ बदला. शिवाय ध्वनिलहरींनी मोजणाऱ्या अल्ट्रासॉनिक मीटरमध्ये फिरणारं चाकच नसतं, तो बारीक धारही बरीचशी पकडतो.

पैपैसा यांचं सूत्र इथे बरोबर बसतं. इमारतीला एक मोठा मीटर आणि घरोघरी छोटे मीटर असतील तर मोठ्याचा आकडा वजा छोट्यांची बेरीज, हा फरक सगळ्यांत वाटला जातो. तुमची बादली शेजाऱ्यांच्या बिलात भरते.

हिशेबी

मीटरवाचक, मग सरळ मार्गाने पाणी किती वाचतं तेही सांगा की. नाहीतर लोक म्हणतील, नुसतं ‘करू नका’ सांगता.

मीटरवाचक

जरूर. आधी मोजा. १ लिटरचं भांडं नळाखाली धरा. ६ सेकंदांत भरलं तर मिनिटाला १० लिटर. हात धुवायला मिनिटाला ३ ते ५ लिटर पुरतात. नळाच्या तोंडाला जाळीचा, पाण्यात हवा मिसळणारा एरेटर बसतो. नळाच्या तोंडाला आतून आटे असतील तर बहुधा २४ मिलिमीटरचा, बाहेरून असतील तर २२ चा. विकत आणण्याआधी आटे तपासा, नाहीतर परत करायला जावं लागतं.

लोक चुकतात ते दाबात. पाण्याच्या १ मीटर उंचीला साधारण ०.१ बार दाब मिळतो. टाकी गच्चीवर आणि तुम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर, म्हणजे नळापासून टाकी ३ मीटर वर धरली तरी दाब ०.३ बार. प्रवाह बांधून देणाऱ्या एरेटरना साधारण १ बार लागतो. तो तिथे लावलात तर बादली भरायला युग लागेल आणि चार दिवसांत काढून फेकाल. वरच्या मजल्यावर साधी जाळी ठेवा, नळच कमी उघडा. खालच्या मजल्यांवर एरेटर खरा उपयोगी. दोन-तीन महिन्यांनी काढून सायट्रिक आम्लाच्या पाण्यात भिजत घाला, क्षार निघतात.

फ्लशची टाकी जुनी, ९ ते १२ लिटरची असेल तर पाणी भरून बूच लावलेली १ लिटरची बाटली आत उभी करा. फ्लोटच्या दांडीला लागता कामा नये. वीट घालू नका, ती विरघळत जाते आणि कण रबरी झडपेखाली अडकून टाकी गळायला लागते. ६ लिटरच्या नव्या टाकीत बाटलीही नको. मैला पुढे ढकलला जात नाही, दोनदा फ्लश करावं लागतं आणि आडवी नळी तुंबते. ती नळी सामाईक असते, तुमच्या बचतीची दुर्गंधी खालच्या घरात जाते.

जिन्यावरची_सावली

जिन्यातल्या विजेबद्दल. मोबाइल आणि स्कूटर एकाच तराजूत घालतात, म्हणून आधी मोजून घेऊ.

५००० एमएएचची मोबाइलची बॅटरी ३.८५ व्होल्टला जवळपास १९ वॅट-तासांची होते. चार्जरमधला तोटा धरून २५ म्हणा. म्हणजे १ युनिटमध्ये मोबाइल ४० वेळा चार्ज होतो. स्कूटरची बॅटरी ३ युनिटची असेल तर तोट्यासकट एका वेळेला ३.४ युनिट लागतात. महिन्यात २० वेळा लावली तर ६८ युनिट. आणीबाणीत मोबाइल लावणाऱ्यावर कुणी डाफरू नये. रोजची स्कूटर ही मात्र सरळ दुसऱ्याच्या बिलावरची सवारी आहे.

पैशापेक्षा मोठा प्रश्न वायरिंगचा. जिन्याचं सर्किट दिव्यांसाठी घातलेलं असतं, तार बारीक, सॉकेट ६ अँपिअरचं. ७५० वॅटचा चार्जर २३० व्होल्टवर सव्वातीन अँपिअर ओढतो, म्हणजे कागदावर बसतो. पण तो पाच तास अखंड ओढतो. सॉकेटच्या पट्ट्या सैल झाल्या असतील तर सांध्यावर उष्णता साठते, प्लास्टिक पिवळं पडतं, मग काळं. दुसऱ्या कुणी दुसरी स्कूटर लावली की एमसीबी पडू शकतो आणि जिन्यात अंधार. बॅटरीने पेट घेतला तर बाहेर पडायची वाट तीच.

सरळ उपाय आहे. पार्किंगमध्ये २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेची वेगळी लाइन, १६ अँपिअरचं अर्थिंग असलेलं सॉकेट, स्वतंत्र एमसीबी, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली तर पुरवठा तोडणारा स्विच) आणि पोटमीटर. दर महिन्याच्या १ तारखेला पोटमीटरचा फोटो गटावर टाकायचा, युनिट गुणिले त्या महिन्याचा खरा दर, वर स्थिर आकारातला वाटा. एवढं केलं की भांडणाला जागाच उरत नाही.

रुक्ष

पाणी आणि वीज मान्य. पण ड्रिल मशीनवाल्या उदाहरणात मी दुसऱ्या बाजूला आहे.

विक्रेता ‘कारण न विचारता परत’ असं स्वतः लिहितो. किंमत ठरवताना किती माल परत येईल याचा अंदाज त्यात धरलेला असतो. दिलेली सवलत वापरली तर चोरी कशी? अटीत बसतं, पावती आहे, लपवलेलं काही नाही. शेजाऱ्याचं बिल आणि मोठ्या कंपनीचा ताळेबंद हे सारखे नाहीत.

परतीचा_माल

रुक्ष, परत आलेल्या वस्तूचं पुढे काय होतं ते बघा, मग ठरवा.

खोकं फोडलेलं ड्रिल नवीन म्हणून विकता येत नाही. आधी तपासणी. चकच्या (बिट धरून ठेवणाऱ्या भागाच्या) जबड्यात भिंतीची धूळ दिसली, हवेच्या फटींत पांढरा थर दिसला की वापरलेलं हे लगेच कळतं. मग त्याची प्रत ठरते, वेगळं खोकं, वेगळी नोंद, आणि कमी किमतीत घाऊक खरेदीदाराला जातं. स्वस्त वस्तूंत तपासणीचा खर्चच वस्तूपेक्षा जास्त होतो, मग ती सरळ भंगारात. म्हणजे चार भोकांसाठी एक आख्खं यंत्र वाया. इथे पैपैसा यांचं सूत्र थोडं वाढवावं लागेल. पैसा कुणाच्या खिशातून आला एवढंच नाही, त्यापायी काय नासलं तेही धरायला हवं.

‘किंमतीत धरलेलं असतं’ हे खरं आहे, पण धरतात कुणाकडून? पुढच्या गिऱ्हाइकाकडून. आणि परती वाढल्या की मुदत कमी होते, खोकं फोडल्यावर परत नाही अशी अट येते. ज्याला खरोखर बिघडलेली वस्तू मिळाली तो अडकतो.

कपड्यांचंही तेच. लेबल आत दुमडून समारंभात घालायचे आणि दुसऱ्या दिवशी परत. अत्तराचा वास आणि काखेतला डाग झाकला जात नाही. काउंटरवरच्या मुलीला मात्र ‘नाही’ म्हणायचं धाडस नसतं, कारण तक्रार झाली तर बोलणी तिलाच बसतात.

रुक्ष

काउंटरवरच्या मुलीचा मुद्दा विचार करायला लावणारा आहे. तरी ‘अटीत बसतं’ हा मुद्दा सोडत नाही अजून.

खिळामोळा

ड्रिलवर भांडण्यापेक्षा वाटून घ्या. दहा घरांत एक यंत्र पुरून उरतं.

कसं ते लिहितो. हॅमर असलेलं एक मशीन, काँक्रीटचे ६ आणि ८ मिलिमीटरचे दोन-दोन बिट, ६ आणि ८ चे प्लास्टिकचे गट्टू, एक एक्स्टेन्शन आणि चष्मा, सगळं एका पेटीत. पेटीच्या झाकणाला आतून यादी चिकटवा आणि एक वही बांधा: कुणी नेलं, कधी, परत करताना बिट किती. बिट ही झिजणारी गोष्ट आहे, इथेच सामाईक यंत्रं मरतात. मशीन परत येतं, बिट बोथट येतो, पुढचा माणूस जोर लावतो, टोक तापून निळं पडतं, मोटरवर ताण येतो आणि कार्बन ब्रश लवकर संपतात. म्हणून नियम एकच: बिट बोथट झाला तर ज्याच्या हातात झाला त्याने नवा घालून द्यायचा. ब्रशची जोडी मात्र सामाईक खर्चातून.

भोक पाडताना गट्टूच्या लांबीपेक्षा ५ मिलिमीटर जास्त खोल जा, बिटला तेवढ्या मापावर चिकटपट्टी गुंडाळा. सुरुवात हॅमर बंद ठेवून करा, नाहीतर टाइल तडकते. सॉकेटच्या सरळ वर-खाली भोक नको, तिथे तार असते. पाडून झाल्यावर भोकातली धूळ फुंकणीने काढा, नाहीतर गट्टू फिरत राहतो.

भाड्याने घेणार असाल तर घरातली सगळी भोकं आधी पेन्सिलीने आखून ठेवा. अर्ध्या दिवसाच्या भाड्यात वर्षाचं काम होतं.

अर्धविराम

वाचनखूण साठवली. धागा नीतीचा होता, हाती ड्रिलचं माप लागलं. :)

तिठा

बुटांच्या उदाहरणावर कुणी बोललं नाही अजून.

मला वाटतं, दुकानात वस्तू नुसती बघणं आणि दुकानदाराचं कसब वापरणं यात फरक करावा. मांडणीतला बूट उचलून पाहिला, वजन पाहिलं, ठेवला, यात काही नाही. पण माणसाने गुडघ्यावर बसून पाऊल मोजलं, चार जोड काढून दिले, चवड्याला कुठे रुततोय ते सांगितलं, आणि तुम्ही दुसरीकडे मागवलंत, तर त्या अर्ध्या तासाचे पैसे तुम्ही बुडवलेत.

ज्यांना ऑनलाइनच घ्यायचं आहे त्यांनी माप घरी घ्यावं. संध्याकाळी घ्या, दिवसभरात पाऊल थोडं सुजतं. जो मोजा घालणार तोच घाला. टाच भिंतीला टेकवून कागदावर उभं राहा, सगळं वजन त्या पायावर, सगळ्यात लांब बोटापुढे खूण. बरेचदा लांब बोट अंगठा नसतो, दुसरं असतं. दोन्ही पाय मोजा आणि मोठा धरा. बुटाच्या आतली लांबी त्याहून १० ते १२ मिलिमीटर जास्त हवी.

आणि दुकानातच घ्यायचं असेल तर ऑनलाइनचा भाव मोकळेपणाने दाखवा, सुरुवातीलाच, माप झाल्यावर नाही. पुष्कळ दुकानदार जवळपास येतात. उरलेल्या फरकात परत पाठवण्याची यातायात आणि चुकीच्या मापाचा धोका मोजला तर फरक बरेचदा राहत नाही.

हिशेबी

तिठा यांच्याशी सहमत. ‘सुरुवातीलाच’ या शब्दाला दहापैकी दहा.

कॅफेचं गणित मी मांडतो. विजेवरून भांडू नका, लॅपटॉपची बॅटरी ५०-६० वॅट-तासांची, म्हणजे युनिटचा सतरावा ते विसावा भाग. खर्च खुर्चीचा असतो. भाडं, पगार, वीज यांची महिन्याची बेरीज करा, भागिले खुर्च्या, भागिले महिन्यातले उघडे तास. तो झाला एका खुर्चीचा एका तासाचा खर्च. तुमच्या एका पेयातला नफा किती तासांची खुर्ची भरतो, ते यातून निघतं. बहुतेक ठिकाणी तीन तास नक्कीच भरत नाही.

पण हा खर्च गर्दीत खरा, रिकाम्या वेळेत नाही. दुपारी दहा खुर्च्या मोकळ्या असताना तुम्ही बसलात तर कुणाचंही काही जात नाही, उलट जागा भरलेली दिसते. दारात माणसं उभी असताना चौघांच्या टेबलावर एकट्याने वायरी पसरून बसणं, हे वाईट. तेव्हा तासाला काहीतरी मागवा, दोघांच्या टेबलावर बसा, गर्दी झाली की उठा. आणि विचारा. ‘किती वेळ बसलं तर चालेल?’ या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा मनासारखं मिळतं.

रोजचा_प्रवासी

पाचात नसलेलं सहावं उदाहरण: बस-रेल्वेचं तिकीट.

आधी सरळ बचत. पासची किंमत भागिले एका फेरीचं भाडं, हा तुमचा तोल-बिंदू. समजा पास ३६ फेऱ्यांच्या किमतीचा आहे. महिन्यात २२ दिवस जाऊन-येऊन ४४ फेऱ्या होत असतील तर ८ फेऱ्या फुकट. आठवड्यातले तीन दिवस घरून काम सुरू झालं की फेऱ्या १८-२० वर येतात आणि पास तोट्यात जातो. तरी लोक सवयीने काढत राहतात. सुट्ट्यांच्या महिन्यात पासाची सुरुवातीची तारीख सुट्टीनंतर ढकला, एवढ्यानेही फरक पडतो.

आता वाकडी बचत. मुलाचं वय कमी सांगणं, दुसऱ्याचा पास वापरणं, तिकीटच न काढणं. याचं समर्थन ठरलेलं: ‘गाडी तशीही जाणारच होती, माझ्यामुळे डिझेल वाढलं नाही.’ हिशेबाने ते खरंही आहे. पण कुठल्या मार्गावर किती गाड्या सोडायच्या हे तिकिटांच्या संख्येवरून ठरतं. विनातिकीट माणूस गाडीत जागा अडवतो आणि कागदावर दिसत नाही. खच्चून भरलेली गाडी आकड्यांत अर्धी रिकामी दिसते, फेऱ्या कमी होतात, आणि दुसरं वाहन न परवडणारा माणूस थांब्यावर उभा राहतो. पैसा गेला नाही, फेरी गेली.

अर्धविराम

‘माझ्या एकट्याने काय होतं’ हा सगळ्या उदाहरणांमधला सामाईक धागा आहे. १९६८ साली गॅरेट हार्डिन यांनी ‘सायन्स’ नियतकालिकात सामाईक कुरणाचं उदाहरण लिहिलं. प्रत्येक गुराखी एक जनावर वाढवतो, फायदा त्याचा एकट्याचा, झीज सगळ्यांची, शेवटी कुरण संपतं. लोक इथेच थांबतात आणि ‘माणूस असाच’ म्हणून मोकळे होतात.

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी पुढे पाटपाणी, मासेमारी, कुरणं असे खरेखुरे नमुने अभ्यासले आणि दाखवलं की लोक सामाईक गोष्टी पिढ्यान् पिढ्या टिकवतातही. २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांना जिथे टिकाऊपणा दिसला तिथे वाटेकरी कोण ते पक्कं होतं, नियम वापरणाऱ्यांनीच केलेले होते, देखरेख आपसांतली होती आणि पहिल्या चुकीला शिक्षा हलकी होती. खिळामोळांची वही आणि जिन्यावरची_सावली यांचा १ तारखेचा फोटो हे त्याचंच रूप आहे. नीतीचा उपदेश न करता पोटमीटर लावला की अर्धी नीती आपोआप येते.

रुक्ष

हे पटलं. पण मग पोटमीटर लावता येत नाही तिथे काय? हातगाडीवाल्याशी घासाघीस, घरी कामाला येणाऱ्या बाईंचा पगार. तिथे मीटर नाही, अट नाही, दोघांनी मान्य केलं की झालं.

तिठा

दोघांनी मान्य केलं, पण ‘नाही’ म्हणायची सोय दोघांना होती का?

मोठ्या दुकानात भाव पटला नाही तर दुकान तुमच्यावाचून अडत नाही. तिथे हवी तेवढी घासाघीस करा, कूपन लावा, जुन्या मालावर सवलत मागा. संध्याकाळी उरलेला माल डोक्यावर घेऊन जायचा नाही म्हणून पडेल भावात देणारा माणूस ‘हो’ म्हणतो, ती त्याची संमती नसते, नाइलाज असतो. कामाला येणाऱ्या बाई आजारी पडल्या आणि दोन दिवस कापले, त्यांनी काही म्हटलं नाही, याचा अर्थ त्यांना मान्य आहे असा होत नाही.

हवा तर इथेही कागद करता येतो. काम कोणतं, किती वेळ, महिन्याला किती भरपगारी सुट्ट्या, जास्तीच्या कामाचे वेगळे किती, वाढ कुठल्या महिन्यात. दोन प्रती. बचत करायची तर काम कमी करा, आठवड्यातून सहाऐवजी चार दिवस, त्यांना दुसरं घर धरता येईल अशा वेळा ठरवून आणि महिनाभर आधी सांगून. तेवढ्याच कामाचे कमी पैसे देऊन नाही.

परतीचा_माल

तिठा यांच्या मुद्द्याला जोडून: ‘पार्सल मिळालंच नाही’ अशी खोटी तक्रार. कंपनी पैसे लगेच परत देते म्हणून ती कुणालाच लागत नाही असं वाटतं. पण तक्रार आणून देणाऱ्या मुलाच्या खात्यावर नोंदली जाते, ठरावीक तक्रारी झाल्या की त्याचं काम थांबू शकतं. त्याला कुणी विचारतही नाही. नव्या नंबरवरून नवं खातं काढून पहिल्या ऑर्डरची सवलत पुन्हा पुन्हा घेणं त्याच्या मानाने सौम्य, तरी खोटं ते खोटंच.

भंगारवेचा

रस्त्याकडेला टाकलेल्या वस्तू उचलून वापरणं ही तर निर्मळ काटकसर वाटते ना? बहुतेक वेळा आहेच. पण दोन गोष्टी.

एक, ढेकूण. गादी आणि कापडी सोफा उचलू नका. लाकडी सामान घेतलंत तर सांधे, स्क्रूची भोकं, ड्रॉवरच्या खाचा टॉर्चने बघा: काळे ठिपके, पांढरट कात, तांदळाच्या कणीहून बारीक अंडी. कपडे असतील तर ६० अंशांच्या पाण्यात धुवा, किंवा ड्रायरमध्ये जास्त उष्णतेवर अर्धा तास. गार करून मारायचे तर उणे १८ अंशांत सलग चार दिवस ठेवावं लागतं, एक रात्र पुरत नाही. तुमच्या घरात आलेला ढेकूण नळ्यांच्या वाटेने शेजारी जातो, म्हणून ही फक्त तुमची जोखीम नाही. फुगलेली बॅटरी, हेल्मेट आणि लहान मुलांचं कारमधलं आसन कधीच नको. आतला तडा बाहेरून दिसत नाही.

दोन, पुठ्ठा, बाटल्या, तांब्याची तार, पत्रा. यावर कुणाचं तरी पोट चालतं. ‘टाकलेलं आहे, कुणाचंच नाही’ हे कागदावर. पहाटे त्या रस्त्याने फिरणाऱ्या बाईसाठी ती दिवसाची कमाई असते. वापरायला खुर्ची न्या, विकायला भंगार नेऊ नका. घरातलं देताना पुठ्ठा कोरडा ठेवा आणि घड्या घालून बांधा, भिजलेल्याला भाव येत नाही.

मीटरवाचक

भंगारवेचा यांचा प्रतिसाद फार मोलाचा.

थोडं अवांतर, पण काटकसरीच्या नावाने लोक फसतात म्हणून लिहितो. सॉकेटमध्ये लावायचं ‘वीज वाचवणारं’ डबडं मिळतं. आत एक कपॅसिटर आणि एक दिवा असतो. कपॅसिटर पॉवर फॅक्टर (ओढलेल्या विजेतला प्रत्यक्ष कामी येणारा भाग) सुधारू शकतो, पण घरगुती बिल सहसा किलोवॅट-तासांवर येतं, त्यात याने काही कमी होत नाही. दिवा उलट थोडी वीज खातो. त्यापेक्षा ७५ वॅटचा जुना पंखा बदलून ३० वॅटचा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा लावा. रोज १२ तास चालला तर ०.९ युनिटाचे ०.३६ होतात. फ्रिजच्या दारात कागद धरून दार लावा, कागद सहज सरकून आला तर रबर गेलंय.

पैपैसा

सगळ्यांचे मनापासून आभार. मूळ प्रश्नाकडे येते.

माझं सूत्र अपुरं होतं. पैसा कुठून आला हे बघावंच, पण परतीचा_माल यांनी दाखवलं की वस्तूची नासाडीही मोजावी लागते, आणि तिठा यांनी दाखवलं की समोरच्याला नाही म्हणता येत होतं का हेही बघावं लागतं. पाचांपैकी नळ आणि स्कूटर सरळ चूक. ड्रिलही चूक, आणि त्याला खिळामोळांची पेटी हा चांगला पर्याय आहे. बूट आणि कॅफे मात्र वेळेवर आणि विचारण्यावर अवलंबून, हे मी आधी धरलं नव्हतं.

एक राहिलं. आमच्यासारख्या इमारतींत मोठ्या मीटरचा आणि घरच्या मीटरांचा फरक येतो तेव्हा ‘कुणीतरी नळ सोडून ठेवतंय’ असा संशय सुरू होतो. मीटरवाचक, खरं-खोटं कसं करायचं?

रुक्ष

ड्रिलबाबत मीही मागे आलो. अटीत बसतं एवढं पुरेसं नाही, मान्य.

मीटरवाचक

पैपैसा, संशय घेण्याआधी एक रात्र मोजणी करा. दोन माणसं लागतील.

गच्चीच्या टाकीत पाणी चढवणं रात्री १ वाजता बंद करा. टाकीतली पातळी पट्टीने मोजून लिहा, सगळ्या घरांच्या मीटरचे फोटो काढा, लाल बारीक आकड्यांसकट. पहाटे ५ वाजता पुन्हा दोन्ही. टाकी २ मीटर बाय दीड मीटर असेल तर तळ ३ चौरस मीटर, म्हणजे पातळी १ सेंटिमीटर उतरली की ३० लिटर गेले. समजा ८ सेंटिमीटर उतरली, २४० लिटर. घरच्या मीटरांची बेरीज आली १५०. फरक ९० लिटर, तासाला साडेबावीस.

आता वर लिहिलेला किमान प्रवाह आठवा. इमारतीत २० घरं आहेत आणि प्रत्येक फ्लशच्या टाकीतून तासाला १ लिटर झिरपतंय. एवढ्याशा धारेने एकाचाही मीटर बहुधा हलणार नाही, आणि फरक जवळजवळ पूर्ण तिथेच भरून येईल. कुणीही लबाडी केलेली नसताना.

म्हणून आधी घरोघरी रंगाची चाचणी. फ्लशच्या टाकीत रंगाचे आठ-दहा थेंब टाका, अर्धा तास फ्लश करू नका, भांड्यात रंग उतरला तर झडपेचं रबर बदला. अर्ध्या-पाऊण तासाचं काम आहे. सगळ्यांची झाली की आठवड्याने तीच रात्रीची मोजणी पुन्हा करा. तरीही फरक राहिला तर टाकीखालच्या उभ्या नळ्या एकेक करून बंद करून बघा, कुठली बंद केल्यावर पातळी थांबते ते. त्या नळीवर जमिनीत किंवा भिंतीत गळती आहे का हे तपासा, भिंतीवर ओल, पोपडे. घरांची दारं ठोठावायची ती यानंतर.

पैपैसा

शनिवारी रात्री करते. पट्टी आणि टॉर्च तयार ठेवते, फोटो इथेच टाकेन.